काळी तार बॉडीला

बुधवार, दिनांक १७ मे १९६१, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. अकोल्याच्या जिनिंग फॅक्टरीच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारीत आत माणसे दोन, मागच्या कॅरिअरवर एक. रेडिएटरपुढे पंखे दोन. पाण्याचे डबे चार.

मोटार दोन आसनी, विलायती, १९३६ची बनावट. देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून फॅक्टरीचे मालक महादेवराव यांनी ती विकत घेतली होती. धावायला ती अत्यंत तेज. पण थंड मुलखासाठी बांधलेली असल्यामुळे तिला मुळात पंखाच नव्हता. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तीस-चाळीस मैल गेले की पाणी उकळे. म्हणून दरवर्षी मार्च ते जून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राही आणि तेवढे चार महिने महादेवरावांच्या बोलण्याला धार चढे.

मी त्यांच्याकडे फोरमन होतो. यंत्रशास्त्राची पदविका घेतलेला फॅक्टरीत मी एकटाच.

पंखे बसवण्याची कल्पना देवमन सिरसाट याची. तो आमच्याकडे नऊ वर्षे रोजंदारीवर फिटर होता. कामठीच्या लिलावात आलेल्या लष्करी सामानातून त्याने दोन छोट्या विजेच्या मोटारी निवडल्या, त्यांना चार-चार पाती बसवली आणि लोखंडी पट्टीच्या चौकटीत घालून त्या रेडिएटरच्या पुढे आवळल्या. काम नेटके होते. त्या मोटारींत कायमचे चुंबक होते. अशा मोटारीला जोडलेल्या दोन तारांची अदलाबदल केली, की ती उलटी फिरते. पुढे जे झाले ते समजण्यासाठी एवढे यंत्रशास्त्र पुरे.

आमच्याकडच्या सगळ्या ट्रक-जीपांत बॅटरीचे ऋण टोक काळ्या तारेने सांगाड्याला, म्हणजे बॉडीला, जोडलेले असे. म्हणून ‘काळी तार बॉडीला’ हे आमच्या वर्कशॉपात रामरामासारखे तोंडी बसले होते. जोडणीची आकृती मी शाईने काढली, तीतही काळी तार बॉडीला दाखवली. कामाच्या चार दिवस आधी देवमनने ती आकृती बराच वेळ पाहिली आणि मालकांचे साळे उत्तमराव व दोन फिटर यांच्यादेखत मला म्हणाला, “साहेब, या गाडीची बॉडी धन हाय. काळी बॉडीले लावली तं पंखे उलटे फिरतीन.”

उत्तमराव हसले. “घ्या फोरमनसाहेब. आता याच्या हाताखाली एक डिप्लोमा अजून करा.”

पाहतो, असे मी म्हणालो. संध्याकाळी मीटर लावून पाहिले. देवमनचे बरोबर होते. शाईची रेघ पात्याने खरवडून पुन्हा काढायला पंधरा मिनिटे लागतात. मी ती पंधरा मिनिटे दिली नाहीत.

बॅटरी आसनाखाली होती आणि आसनाला देवमनने हात लावायचा नव्हता. त्याने १९५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. कायदाही त्याच्या बाजूने होता. महादेवराव जातीचे नावही काढत नसत. चामड्याला तेलाचे डाग पडतात, असे ते म्हणत. उत्तमरावांचे हात कोपरापर्यंत तेलात असत, त्यांना ही अडचण कधी आली नाही. तेव्हा गाडीबाहेरचे काम देवमनचे, आतले उत्तमरावांचे, अशी वाटणी झाली. देवमनने पंखे जमिनीवर बॅटरी ठेवून तपासले होते. जिनिंगमध्ये कापसाला काय तोटा. कापसाचा एक पुंजका तो जाळीपुढे धरी आणि पंख्याने तो ओढून जाळीला चिकटवला, की मान हलवी. आतली जोडणी मात्र उत्तमरावांनी माझ्या आकृतीबरहुकूम केली.

१७ मेलाच दुपारी दोन वाजता अमरावतीला एका सरकारी वर्कशॉपमध्ये फिटरच्या कायम जागेसाठी मुलाखती होत्या. देवमनला बोलावणे आले होते. त्याच्या वयाची ती शेवटची संधी होती, पुढच्या महिन्यात तो मर्यादेबाहेर जाणार होता. बाहेरचा तज्ज्ञ परीक्षक म्हणून मलाही बोलावले होते. देवमनला नऊ वर्षांच्या कामाचा दाखला हवा होता. दाखला मी टाइप केला होता, महादेवरावांनी सही करून स्वतःच्या खिशात ठेवला होता.

“अमरावतीपरयंत पाणी उकळलं नाही, तं तिथंच देतो,” असे त्यांनी त्याला सांगितले. “उकळलं, तं कशाचा फिटर न् कशाचा दाखला.”

देवमन कबूल झाला. पंख्यांवर त्याचा विश्वास होता. त्याने पांढरा सदरा घातला होता; बायकोने, केशरबाईने, नीळ देऊन धुतलेला. बोलावण्याचे पत्र एका कापडी पिशवीत होते. ती पिशवी त्याने कॅरिअरच्या दांडीला बांधली, पाण्याचे डबे मांडीशी घेतले आणि बसला.

निघताना पंखे सुरू केले. जाळीवर कापसाचा एक पुंजका अडकलेला होता. तो सुटला आणि पुढे, गाडीपासून लांब, दहा-बारा फूट उडत गेला. देवमन मागे बसलेला असल्यामुळे त्याला तो दिसला नाही. मला दिसला. उभ्या गाडीत वारा उलटा गेला तरी थोडा गारवा मिळतोच. पाण्याच्या तापमानाचा काटा एकशे नव्वद अंश फॅरनहाइटवर स्थिर होता; दोनशे बाराला पाणी उकळते. रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाऱ्याशी हेच पंखे झुंजणार, हे मला ठाऊक होते. दोन तारा बदलायला दोन मिनिटे पुरली असती. पण आसन उचलावे लागले असते, आकृती मागवली गेली असती, आणि उत्तमराव फाटकापाशी उभे होते.

मी घड्याळ पाहिले आणि निघू या म्हणालो.

बोरगाव मंजूला काटा एकशे अठ्ठ्याण्णव. मूर्तिजापूरला दोनशे सहा. तिथे महादेवरावांनी उसाचा रस घेतला, मीही घेतला. देवमनने डब्यातले पाणी प्यायला मागितले. ते गाडीचे आहे, असे महादेवराव म्हणाले. त्यानंतर आठ मैलांवर, बारा वाजून पाच मिनिटांनी, झाकणाखालून वाफ सुटली.

देवमन उतरून पुढे आला. उन्हाने त्याचे डोळे लाल झाले होते. पंखे चालूच होते. त्याने सदऱ्याच्या खिशातून कापसाचा पुंजका काढला, जाळीपुढे धरला आणि सोडला. तो उडून त्याच्याच छातीवर आदळला.

“पंखे उलटे फिरून राहिले, मालक,” तो म्हणाला. “तारीची अदलाबदल झाली. सीट उचलू द्या, दोन मिंटाचं काम हाय.”

“सीटले हात लावू नको.”

“मंग साहेबाले पाहू द्या.” तो माझ्याकडे वळला. “साहेब, तुमाले तं मालूम हाय. तुमी सांगा.”

महादेवराव माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, “जोडणी आकृतीप्रमाणे बरोबर आहे.”

हे अक्षरशः खरे होते. देवमनने माझ्याकडे किती वेळ पाहिले ते मी मोजले नाही.

महादेवरावांनी त्याला झाकण काढायला सांगितले. पाव तास थांबावे लागते, असे तो म्हणाला. “काहून? दोन वाजता मुलाखत माही हाय का तुही?” असे महादेवरावांनी विचारले. देवमनने खांद्यावरचा दुपट्टा चार पदरी केला, हात त्यात गुंडाळला आणि झाकण फिरवले. पाणी उसळून त्याच्या उजव्या हातावर आणि सदऱ्यावर आले. तो खाली बसला, मातीत हात खुपसला आणि थोड्या वेळाने उठून डाव्या हाताने डबे ओतू लागला. चौथा डबा संपला तरी रेडिएटर भरला नव्हता. रस्त्यापासून दोन फर्लांगांवर एक विहीर होती. दोन डबे घेऊन तो तिकडे गेला, ते भरून आणले, ओतले. रेडिएटर काठोकाठ झाला.

“अजून दोन आण, वाटेत लागतीन,” महादेवराव म्हणाले.

तो शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळींआड जाताच मी उतरलो, आसन उचलले आणि दोन्ही तारा बदलल्या. पंख्यांचा आवाज लगेच भरदार झाला. जाळीपुढे रुमाल धरला. तो ओढला जाऊन चिकटला. पाच मिनिटांत काटा एकशे ब्याऐंशीवर उतरला.

“काय केलं तुमी?” महादेवरावांनी विचारले.

एक जोड ढिला होता, असे मी सांगितले.

“म्हणून म्हणतो, शिकलेला माणूस तो शिकलेला.” त्यांनी गाडी सुरू केली. देवमन विहिरीवर आहे, असे मी म्हणालो, तेही हळूच.

“येईन तो मागून. त्याले आता कशाची घाई हाय? पाणी तं उकळलं.”

वळणावर मी मागे पाहिले. दोन डबे एकाच हातात घेऊन तो रस्त्यावर उभा होता. तो धावला नाही.

बडनेरा ओलांडून आम्ही एक वाजून वीस मिनिटांनी अमरावतीला पोहोचलो. काटा एकशे शहाऐंशी. कचेरीच्या दारात उतरताना कॅरिअरला बांधलेली कापडी पिशवी मला दिसली. मी ती सोडू लागलो, तेव्हा असू दे तिथंच, असे महादेवराव म्हणाले आणि पंखे कसे चालतात ते मित्रांना दाखवायला शहराच्या कॅम्प भागाकडे निघून गेले.

मी परीक्षकांच्या टेबलाशी बसलो. प्रात्यक्षिकासाठी मला एक प्रश्न द्यायचा होता. कोणत्या मोटारगाडीत धन टोक सांगाड्याला जोडतात आणि ते कसे ओळखावे, असा प्रश्न मी दिला. बरोबर उत्तर कोणालाच आले नाही. चार वाजता शिपायाने व्हरांड्यात उभे राहून देवमन किसन सिरसाट हे नाव तीन वेळा पुकारले, आणि मी हजेरीपत्रकावर सही केली.

बोलावलेले उमेदवार बारा. हजर अकरा.