मुगाएवढी गोळी

पंचफुला आयुष्यात खोटं पुष्कळदा बोलली असेल, संसार म्हटला की ते आलंच. पण जे एक खोटं तिला जन्मभर पुरलं, ते ती अकोल्याच्या एका दवाखान्यात, एका भल्या माणसासमोर बोलली.

ते साल एकोणीसशे बासष्ट. तिची ललिता, घरची लल्ली, तेव्हा नऊ वर्षांची, वलगावच्या पलीकडल्या एका खेड्यात चौथीत शिकत होती. शिकत होती म्हणजे वर्गभर हिंडत होती. गणित अर्धं टाकून खिडकीशी जायची, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडायची, पाटी रोज कुठेतरी विसरून यायची. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं, पण ते बघतो कोण? शेवटी देवराव गुरुजींनी बापाला बोलावून बजावलं, की पोरीच्या डोक्यात काही बिघाड नाही असा डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर तिचं नाव कमी करतो.

बाप मोतीराम अमरावतीला कचेरीत चपराशी होता. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षापासून त्याचा एकच हेका, घरात दुसरं काही नसलं तरी चालेल, पोरगी शिकली पाहिजे. त्याला कचेरीत कुणीतरी सांगितलं की अकोल्याला मुंबईचे एक डॉक्टर आलेत, केशवराव नावाचे, आणि ते मुलांना दोन-दोन तास समोर बसवून तपासतात.

दोन तास ऐकून पंचफुला धास्तावली. लल्ली दोन मिनिटं बसत नव्हती. तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत शांत बसेल तो पास, एवढंच तिला ठाऊक. कुणी तिला वेगळं समजावलंही नाही.

शेजारच्या भागीरथाबाईच्या डबीत अफू असायची. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना तिळाएवढी चाटवून झोळीत टाकून जात. पंचफुलेनंही लल्लीला तसंच वाढवलं होतं. सरकारनं बंदी केली तरी डबी काही गेली नव्हती. अकोल्याला निघायच्या दिवशी सकाळी तिनं गुळाच्या खड्यात मुगाएवढी गोळी दडवून लेकीला दिली आणि मोतीरामला पत्ता लागू दिला नाही.

केशवरावांनी आधी आईबापालाच बसवून घेतलं. पोर बोलायला कधी लागली, झोपते किती, विस्तवाला भिते का, सगळं विचारून लिहून घेतलं. गुरुजींची चिठ्ठी दोनदा वाचली. मग त्यांनी पंचफुलेला विचारलं, की बाई, तुम्ही लहानपणी कशा होता? असलं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती सांगत सुटली. नदीवर पाण्याला गेली की घागर तिथंच विसरून यायची, तव्यावर भाकर टाकून अंगणात निघून जायची, सासूनं तर येडी म्हणूनच हाक मारली. आज तिशी उलटली तरी एक काम धड पुरं होत नाही.

डॉक्टर हसले नाहीत.

“पोर तुमच्यावर गेली असावी,” ते म्हणाले. “यात तुमचा दोष नाही आणि तिचाही नाही. अशी मुलं पुष्कळदा हुशार असतात, फक्त वेगळ्या तऱ्हेनं शिकवावी लागतात.”

पंचफुलेला रडू आवरेना. तीस वर्षं ज्याच्यासाठी बोलणी खाल्ली, त्यात आपला दोष नव्हता म्हणे.

मग लल्लीला समोर घेतलं. लल्ली बसली ती बसलीच. ठोकळे पुढे ठेवले, तिनं हात लावला नाही. चित्रातलं मांजर दाखवलं तर तिचे डोळे मिटले. स्वतःचं नाव सांगायलाही तिला वेळ लागला. डॉक्टरांनी चित्र खाली ठेवलं. मग पंचफुलेकडे वळले.

“तुम्ही सांगितलेली मुलगी ही नव्हे. हिला काही दिलंय का? खरं सांगा.”

तेव्हाच सांगायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण भिंतीशी मोतीराम उभा होता, अंगात कचेरीचा खाकी कोट घालून. अफू म्हटली की पोलीस, आणि पोलीस आले की नोकरी गेली.

“नाई साहेब,” पंचफुला म्हणाली. “काईच नाई देल्लं.”

आई लेकीबद्दल खोटं बोलणार नाही असं त्या भल्या माणसानं धरलं. पुन्हा आणा म्हणायला त्यांना सवड नव्हती, त्याच दुपारच्या गाडीनं ते मुंबईला आणि तिथून परदेशी निघाले होते. गुरुजींच्या नावे चिठ्ठी लिहून त्यांनी पाकीट मोतीरामला दिलं.

संध्याकाळी अकोला स्टेशनवर लल्लीची गुंगी उतरली. बाकावरून उठली, वजनकाट्यावर चढली, कुणाच्या तरी गाठोड्यावर जाऊन बसली, आणि परत येता येता बापाच्या खिशातलं पाकीट ओढून उभ्या उभ्या वाचायला लागली.

“सदर मुलगी मंदबुद्धी असून तिला शाळेत बसवण्याचा उपयोग दिसत नाही.”

एकाही जोडाक्षराला अडखळली नाही. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, “मंदबुद्धी म्हंजे कोन वं माय?”

मोतीराम बायकोकडे बघायला लागला.

“म्याच देल्ली तिले अफू,” पंचफुला म्हणाली. “गप बसली पायजे म्हून.”

मोतीराम ओरडला नाही, हातही उगारला नाही. लेकीला खांद्यावर टाकून तो दवाखान्याकडे पळत सुटला. डॉक्टरांच्या खोलीला कुलूप होतं.

देवराव गुरुजींपुढेही लल्लीनं तो कागद घडघडा वाचून दाखवला. पंचफुलेनं त्यांचे पाय धरून सगळं सांगितलं. गुरुजी म्हणाले, मग दुसरा कागद आणा, डॉक्टरच्या वर मी कोण? तसा दुसरा डॉक्टर मोतीरामला कुठे सापडला नाही. लल्लीचं नाव कमी झालं.

त्यानंतरच्या सोमवारी शाळेची घंटा झाली तेव्हा लल्ली उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर हात ठेवून. दुपार झाली तरी तशीच. पंचफुला तव्यावरची भाकर टाकून उठली आणि लेकीपुढे येऊन बसली.

“ऊठ वं लल्ले,” ती म्हणाली. “जरा हिंडून ये. झाडावर चढ. मी काईच नाई म्हनत.”

लल्लीनं मान हलवली.

“नाई माय,” ती म्हणाली. “मी आता गपच बसतो.”

आणि ती बसून राहिली.