मधली वाटी

धामणकर नाक्याजवळच्या जुन्या बंगल्याचा तळमजला आम्ही घेतला, तेव्हा मी सगळ्यात आधी स्वयंपाकघराचं दार मोजलं. चोवीस इंच. माझ्या भावाची, दीपेशदादाची व्हीलचेअर सव्वीस. अपघातानंतर दोन वर्षं तो स्वतःच्या हातचा चहा प्यायला नव्हता. नव्या घराकडून त्याची एकच मागणी होती, चहासाठी कुणाला हाक मारायला लागू नये.

मी म्हटलं, हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंतच काढू. नूर मोहम्मद मिस्त्रींनी मान हलवली. तिच्यावर वरच्या मजल्याचा भार असेल, म्हणाले. 'असेल'वर माझं समाधान होईना. वर जुबेरभाईंची सूत गुंडाळायची मशीनं चालतात. भार या भिंतीवर असेल तर त्यांची थरथर तिच्यात उतरणारच. भिंतीत शेजारीशेजारी बसवलेल्या तीन फळ्यांवर मी पाण्याच्या तीन वाट्या ठेवल्या आणि तासभर बघत बसले. पाणी जराही हललं नाही. पाडायची, म्हणून मी खडूनं भिंतीवर भली मोठी फुली मारली.

मिस्त्रींनी फुलीकडे बघितलं. "बाय, आज शुक्रवार हाय. वरची मशीनं बंद. तुझं फिजिक्स पण सुट्टीवर गेलं का?"

दादा हसला, पण मग त्या चोवीस इंची दाराकडे बघू लागला.

शनिवारी सकाळी मशीनं सुरू झाली आणि पाण्यात वर्तुळं उठली. भिंत पाडता येणार नव्हती. वाट्या उचलायला गेले आणि थांबले. डावीत वर्तुळं, उजवीत वर्तुळं, मधली मात्र स्तब्ध. वाट्यांची अदलाबदल केली. तरी मधलीच स्तब्ध. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी हातोडीनं ठोकून पाहिलं, मग मधल्या फळीच्या वरचा गिलावा उडवला. आत आडवी, जाडजूड सागवानी तुळई निघाली. तिच्याखालच्या विटा वेगळ्याच, नुसत्या भरलेल्या. कधीतरी कुणीतरी इथलं रुंद दार बुजवलं होतं. भार तुळईवर होता, त्या विटांवर काहीच नव्हतं.

टेपचं एक टोक दादानं धरलं. "चव्वेचाळीस," तो म्हणाला, आणि मला पुन्हा मोजायला लावलं.

मंगळवारी तो त्या दारातून एका दमात आत गेला, थेट शेगडीसमोर. मिस्त्रींनी हॉलमधूनच साखर कमी टाकायला सांगितलं. दादानं लायटर उचलला, हात लांबवला आणि माझ्याकडे वळला.

"मृणाली, ओटा छातीला लागतोय."

टेप माझ्या खिशातच होती.