मास्तरांच्या रेकॉर्डवरची करकर

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि गिटारच्या दोन रेकॉर्डवर माझा आवाज आहे, असं चक्क छापून आलंय. खरं-खोटं मला विचारू नका. माझंच डोकं चालेनासं झालंय.

एका सुताराने मला जुन्या दाराच्या फळ्यांतून बनवलं. हात मुद्दाम लावले नाहीत, कारण मला बनवून घेणाऱ्या मास्तरांना कोपर मोकळं हवं होतं. मास्तर गिटार शिकवायचे आणि वाजवायचे, तेही नुसत्या बोटांनी. अंगठा जाड तारांवर ठेका धरायचा, बाकीची बोटं बारीक तारांवर धून काढायची. जिन्यात उभं राहून ऐकणाऱ्याला वाटायचं, आत दोघं जण बसलेत. वाजवताना मास्तर गिटार छातीशी धरून पुढे-मागे झुलायचे. त्यांच्याबरोबर मीही.

पहिली रेकॉर्ड घरीच झाली. खिडकीला गादी लावली, फ्रिज बंद केला. धून संपल्यावर रेकॉर्डिंगवाल्याने कानांवरचे हेडफोन काढले.

"मास्तर, बोटं झकास! पण ही खुर्ची करकरतेय हो."

मास्तर हसले. "राहू दे. म्हातारपणी सगळेच कुरकुरतात."

अहो, तेव्हा मी कुठे म्हातारी होते? मला भारी राग आला. पण आवाज तर येत होता, आणि खोलीत झुलणारे आम्ही दोघंच. मग मीच असणार, असं मीही धरून चालले.

मग समीक्षा आल्या. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्या मोठ्याने वाचल्या. एकाने लिहिलं होतं, "वादनाच्या मागे कुणीतरी सतत दार उघडत आहे. हा निष्काळजीपणा अक्षम्य आहे." मी चक्रावले. माझं लाकूड आधी दाराचं होतं, हे याला कुणी सांगितलं? दुसऱ्याने लिहिलं, "खुर्चीची करकर हाच या रेकॉर्डचा प्राण आहे." आता घ्या! एक मला अडगळीत टाकायला निघालेला, दुसरा डोक्यावर घेऊन नाचायला. मी रडू की हसू?

दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी माझे स्क्रू आवळले, सांध्यांत तेल सोडलं, पायांखाली जाड कापड घातलं. करकर आणखी वाढली! पहिला समीक्षक म्हणाला, हा आता नाटकीपणा झाला. दुसरा म्हणाला, खुर्ची परिपक्व झाली आहे. लोक घरी येऊन माझ्याबरोबर फोटो काढू लागले. मास्तर गिटार घेऊन बाजूला उभे राहायचे.

एका दुपारी ते वहिनींना म्हणाले, "इतकी वर्षं बोटं झिजवली आणि लोकांना ऐकू येते खुर्ची. तिसऱ्या रेकॉर्डलाही हेच झालं, तर गिटार कायमची खोळीत गेली समज."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मास्तर सराव करत होते आणि माझी, म्हणजे ती, करकर चालूच होती. वहिनी तरातरा आल्या.

"उठा हो! या बयेला आधी बाहेर काढते."

मास्तर उठले, पण धून अर्धी होती, म्हणून उभ्या-उभ्याच वाजवत राहिले. वहिनींनी मला उचलून दारापर्यंत नेलं. आणि मागून आवाज आला, करकर!

वहिनी थबकल्या. "अहो, खुर्ची तर माझ्या हातात आहे."

"मग?"

"मग करकरतंय कोण?"

मला खाली ठेवून त्यांनी गिटारच्या पाठीला कान लावला आणि हळूच दाबलं. करकर तिथेच होती. आतली आधाराची पट्टी डिंक सुटून मोकळी झाली होती. झुलताना छातीचा दाब पडला की ती घासायची. दुरुस्तीवाला म्हणाला, "आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं, तर पाठच उघडली असती." आणि आम्ही सगळे माझ्या सांध्यांत तेल ओतत बसलो होतो!

शिव्या माझ्या नव्हत्या, म्हणून मला हायसं वाटलं. पण मग कौतुकही माझं नव्हतं. मग मी इतके दिवस कोण होते? मला अजून नीट कळलेलं नाही.

दुरुस्त होऊन आलेली गिटार घेऊन मास्तर माझ्यावर बसले. मी सवयीने करकरीची वाट पाहत राहिले. ती आलीच नाही. तिच्या जागी अंगठ्याचा ठेका आला, आणि त्यावर एकेक बोट, इतकं स्पष्ट की मला भरून आलं.

तिसऱ्या रेकॉर्डच्या समीक्षा वहिनींनी दोनदा वाचल्या. एकाने नुसत्या अंगठ्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता. माझा उल्लेख कुठेच नव्हता. मास्तरांनी गिटार खोळीतून काढली आणि ते वाजवायला बसले.

मित्रांनो, घरात काही कुरकुरलं, तर समोर दिसेल त्याला झोडपू नका, की डोक्यावरही घेऊ नका. आधी जवळ जाऊन कान लावा. मी तर इतकी वर्षं मास्तरांच्या अगदी खाली होते, तरी मलासुद्धा त्यांची बोटं ऐकू आली नव्हती.