दोन खुणांमधलं तेल

मी ऑइलची पट्टी बोलतेय. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कुशीत पिवळी कडी दिसते ना? ती ओढली की जी लांबलचक बाहेर येते, ती मी. गोड बोलेन अशी आशा धरू नका. उभा जन्म गरम तेलात पाय सोडून काढलाय.

कारखान्यात पातळ पोलादातून मला कापलं आणि टोकाशी दोन खुणा ठोकल्या, एक वर, एक खाली. तेल या दोन खुणांच्या मधे असावं, एवढंच माझं शिक्षण. तेल किती आहे ते मी सांगते. तेलात काय आहे ते मला जाणवतं, पण त्यासाठी मला खूणच दिलेली नाही. पुढचा सगळा तमाशा यातूनच झाला.

पहिला मालक बरा होता, तो माझ्याकडे बघतच नसे. दुसरा आला तो हा म्हातारा. नोकरीतून निवृत्त, बायको वारलेली, एकुलती एक लेक घाटापलीकडच्या इस्पितळात नर्स. गाडी तीच वापरते. दर रविवारी ती बापाकडे येते, गाडी अंगणात लावते, आणि मग म्हाताऱ्याच्या अंगात येतं.

मला ओढायचं, फाटक्या बनियनने खसाखसा पुसायचं, परत आत बुडवायचं, पुन्हा काढायचं आणि उन्हात धरून शेजाऱ्याला हाक मारायची.

"बघा, बघा! एवढी जुनी गाडी, पण तेलाचा थेंब खात नाही!"

शेजारी मान डोलवायचा. बिचाऱ्याला पेपर वाचायचा असायचा.

थेंब खात नाही म्हणे! हे इंजिन तेल पीत होतं. शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरींना विचारा, निळा धूर त्यांच्या ओळखीचा आहे. पण जेवढं तेल जळायचं, जवळपास तेवढं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तेलात झिरपायचं. सिलिंडर हेडखालचं गॅस्केट एका कोपऱ्यात खचलं होतं. त्यात पाण्याची वाट वेगळी आणि तेलाची वेगळी असते, त्या दोघींमधली भिंतच पडली होती. झिरपलेलं बरंचसं पाणी उष्णतेने उडून जायचं, म्हणून तेल दुधाळ झालं नाही. मागे राहायचा चिकट गाळ आणि क्षार. पातळी मात्र दोन खुणांच्या बरोबर मधे. माझ्याच अंगावर हे खोटं उभं राहायचं आणि म्हातारा त्याचीच फुशारकी मारायचा.

आणि त्याला काही माहीत नव्हतं असं समजू नका. मला आत खोचलं की तो कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडायचा, घटलेलं गुपचूप भरायचा. तेव्हा नाही हाक मारली कधी शेजाऱ्याला.

एका रविवारी लेकीचा मामा आला. धंद्याने मेकॅनिक. लग्नापासून मेव्हण्या-मेव्हण्यांचं कधी पटलंच नाही. त्याने बॉनेट उघडून आधी कूलंटचीच बाटली बघितली.

"दाजी, हे जातंय कुठे?"

"उन्हाळा आहे. उडतं."

"बंद बाटलीतून? खाली तर ओल नाही कुठे."

"तुला काय, सगळ्याच गाड्या आजारी दिसतात. तुझा धंदाच तो."

"धंदा माझा, पण भाची पण माझीच आहे. हे पाणी तेलात जाऊन त्याने बेअरिंग खाल्लं आणि घाटात इंजिन जाम झालं तर काय करायची ती एकटी? नुसतं पट्टीवर बघून कळायचं नाही. तेल प्रयोगशाळेत पाठवा. रक्त तपासतात तसं तेही तपासतात."

लेक पायरीवर बसून ऐकत होती. "पाठवूच या बाबा. रक्ताचं तर माझं रोजचंच आहे," म्हणाली, आणि मामाने नमुन्यासाठी दिलेल्या बाटलीवर स्वतःचा फोन नंबर लिहून आत गेली.

"मी भरतो, तू चहा टाक," म्हातारा म्हणाला. मला ओढून त्याने मडगार्डवर ठेवलं, इकडे तिकडे बघितलं आणि फळीवरचा ऑइलचा डबा काढला. गाडीत घालतो तेच तेल, पण कोरं करकरीत. नमुन्याची बाटली त्या कोऱ्या तेलानेच भरली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वाटलं असेल लबाडाला.

पुढच्या रविवारी बॉनेट उघडं असतानाच लेकीचा फोन वाजला. प्रयोगशाळेतली बाई होती.

"अहो, तुमच्या तेलात लोखंडाचा कणसुद्धा नाही. हे तेल कुठल्याच इंजिनात गेलेलं नाही. बाटली बदलली का?"

लेकीने बापाकडे बघितलं, मग फळीवरच्या डब्याकडे.

"त्यांचं मशीन बिघडलं असेल," म्हातारा पुटपुटला.

तिने इंजिन गरम करून बंद केलं, मला उपटून मडगार्डवर आपटलं, माझ्या जागी बारीक नळी घातली आणि मामाने ठेवलेल्या पंपाने काळं तेल ओढून नवी बाटली भरली. आपटल्याचा राग नाही मला. माझ्या वाटेने कोणीतरी पहिल्यांदाच खरं बाहेर काढत होतं.

फोन पुन्हा आला तेव्हा मामाही हजर होता. सोडियम आणि पोटॅशियम, दोन्ही भरपूर. बेअरिंगचं शिसंही उतरू लागलेलं.

"सोडियम तर तेलवालेच घालतात! मी वाचलंय!" म्हातारा फोनवर ओरडला.

"काही तेलांत असतं, बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाली. "म्हणूनच ताडून बघायला आम्ही कोरं तेल मागतो. तुमचं पहिल्या बाटलीत आधीच आलंय. त्यात दोन्ही नाही. हे कूलंटमधूनच आलंय."

करायला गेले काय आणि उलटे झाले पाय! मामा इतका हसला की त्याला टेकावं लागलं. मीही हसले असते.

लेक हसली नाही.

"तुम्हाला माहीत होतं, बाबा. दर रविवारी भरत होतात आणि मला त्या घाटात पाठवत होतात."

म्हातारा बनियनचा बोळा करत राहिला. मग म्हणाला, "एकदा दुरुस्तीला गेली की पुढेही गाडी मामाच बघेल. मग रविवारी तू कशाला येशील?"

"मी गाडीसाठी येत होते?"

तिने किल्ली मामाच्या हातात दिली आणि बसने गेली. म्हाताऱ्याची दया येईल असं मला वाटलं होतं. नाही आली. पोरीचा जीव टांगणीला लावून माया करतात का?

आता मी मामाच्या गॅरेजात फळीवर पडलेय. इंजिन खोललंय, खचलेलं गॅस्केट खिळ्याला लटकवलंय. लेक त्यानंतर आलेली नाही. म्हातारा मात्र रविवारी येतो. मामा त्याला बसा म्हणत नाही. तो मला उचलतो, बनियनने पुसतो, उन्हात धरतो. अंगावर तेल नाही, खाली इंजिन नाही, तरी बघत राहतो.

अरे म्हाताऱ्या, माझ्यावर दोनच खुणा आहेत आणि त्या तेलाच्या आहेत. तुझ्या पोटात काय आहे ते मला दाखवून काय उपयोग? ठेव मला खाली. तिला फोन लाव.