अकरा वाजताचा ताप

चौथीच्या वर्गात सतरा बाकं होती, पटावर चौतीस मुलं, आणि त्या सकाळी हजर तेहेतीस. रिकामी जागा एकच: तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूची. भिंतीवर एक क्रूस, एक घड्याळ आणि ‘ताप असेल तर घरी राहा’ असा ठळक अक्षरांतला तक्ता. टेबलावर स्पिरिटची बाटली, कापूस, थर्मामीटर आणि एक लांब वही. वहीत त्या दिवशी साडेसात वाजता शाळेच्या फाटकावर घेतलेले तेहेतीस आकडे होते. त्यांतला सगळ्यात मोठा ९८.८.

चर्चच्या या प्राथमिक शाळेची नर्स, जिला मुलांपासून फादरपर्यंत सगळे नर्सताई म्हणत, त्या आकड्यांकडे बरेच दिवस संशयाने बघत होती. वस्तीत गोवर असताना एवढ्या मोठ्या वर्गात एकालाही साधी कणकण नाही, हे भर पावसात कुणाच्याच चपलेला चिखल नसण्यासारखं होतं.

बारा दिवसांपूर्वी सुताराचा मुलगा, त्या रिकाम्या जागेवरचा, प्रार्थनेत उभ्याउभ्या कोसळला. कानांमागे लाल पुरळ उठलेलं होतं. नर्सताईने तेव्हाच वही मागे उलटून पाहिली. आधीच्या चार सकाळी त्याचा ताप ९८.२, ९८.४, ९८.० आणि ९८.६. गोवराचं पुरळ उठण्याआधी तीन-चार दिवस सणकून ताप असतो. म्हणजे एक तर या पोराचा गोवर पुस्तकाबाहेरचा होता, नाहीतर सुताराच्या घरी रोज सहा वाजता तापाचं गुलाबी औषध पाजलं जात होतं. एक चमचा औषध चार-साडेचार तास टिकतं आणि फाटकावरची तपासणी साडेसातला. हे गणित चौथी नापास माणसालाही जमलं असतं.

पाजायला कारण होतं. चार वर्षांत एकही खाडा न करणाऱ्या मुलाला फादर मोठ्या शाळेसाठी शिफारसपत्र देत, आणि त्या पत्राशिवाय मोठ्या शाळेचं दार उघडत नसे. आजारपणाची रजासुद्धा खाडाच. हा नियम काही दिवस बाजूला ठेवा, असं नर्सताईने तीनदा सांगून पाहिलं. फादर म्हणाले, रविवारी चर्चच्या मंडळापुढे ठेवतो. मग निदान अकरा वाजता पुन्हा मोजू द्या, ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले, आपण त्यांना खोटं ठरवतोय असं पालकांना वाटेल. ठरवतोच आहोत, असं ती म्हणाली आणि तो विषय तिथेच मिटला. ही मुलं जन्मली ती दोन वर्षं शहर दंग्यांत जळत होतं, लसीच्या गाड्या पोचल्याच नव्हत्या. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या अंगात गोवराला अडवायला काही म्हणजे काही नव्हतं.

काल संध्याकाळी बातमी आली की सुताराच्या मुलाच्या मेंदूला सूज आली आहे आणि तो आईलाही ओळखत नाही. रात्रभर नर्सताईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पावणेअकराला ती कुणालाही न विचारता वर्गात शिरली. बाई भागाकार शिकवत होत्या. त्यांना खडू खाली ठेवायला सांगून तिने सुरुवात आपल्याच घरापासून केली. तिसऱ्या बाकावर, रिकाम्या जागेच्या शेजारी, तिची भाची बसत असे. पायाला भिंगरी लावल्यासारखी सतत पळणारी, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आज ती गाल बाकावर टेकवून बसली होती.

काखेतून थर्मामीटर निघाला तो १०२.६.

“आत्या, बाराला सुट्टी होतेच,” भिंगरी कुजबुजली. “पप्पा म्हणालेत, बारापर्यंत दम धर. मी धरते ना.”

नर्सताईने तिला उचलून शेजारच्या आजारी मुलांच्या खोलीत निजवलं आणि शिपायाला समोर पाठवलं. भिंगरीच्या बापाचं, म्हणजे तिच्या दादाचं, मटणाचं दुकान फाटकासमोरच होतं. शिपाई जाता जाता म्हणाला, ताई, दुसऱ्या कुणाच्या पोरापासून सुरुवात करायची होतीत, म्हणजे आज निदान घरी जेवायला तरी मिळालं असतं. 

दादा आला तो रक्ताळलेल्या एप्रनसह. सुरी मात्र दुकानात ठेवून आला होता. नर्सताईला लहानपणापासून दादाच्या पावलांचा आवाज कळे. मारायच्या आधी तो टाचा दाबून चालायचा. आईबाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं होतं, फी भरली होती, आणि भात करपला म्हणून एकदा तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही तो कधी विसरू देत नसे.

वर्गाच्या दारात उभं राहून त्याने आधी शांतपणे विचारलं, वहीत लिहिलंस का? ती म्हणाली, लिहिलं. खोड, तो म्हणाला. चार वर्षांत पोरीचा एक खाडा नाही, परीक्षेला सहा आठवडे उरलेत, पत्र हातातोंडाशी आलंय. तिला माझ्यासारखं हाडं तोडत बसायचं नाहीये.

“दादा, खोडून ताप उतरत नाही,” ती म्हणाली. “सगळ्यांचा मोजतेय. तिची एकटीची नाही चोरी पकडत.”

“तुझं नर्सिंग माझ्या सुरीवर झालंय. खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?”

पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. थप्पड अशी बसली की ती फळ्यावर आदळली आणि भागाकार तिच्या पाठीने पुसला गेला. मुलांमधून एक बारीक आवाज आला. दादाने वही उचलून ते पान फाडलं. मग त्याला थर्मामीटर हवा होता. तो तिने उजव्या मुठीत धरलेला. त्याने तिची करंगळी धरून मागे वाकवली, शांतपणे, कोंबडीचा सांधा मोकळा करतात तशी. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. तिच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं, ती खाली कोसळली, पण उरलेल्या चार बोटांची मूठ सुटली नाही. मग त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली. बाई दोन्ही हातांनी पुढच्या बाकावरच्या मुलांचे डोळे झाकत होत्या. हात दोन आणि डोळे पुष्कळ, त्यामुळे बहुतेकांनी सगळं पाहिलं.

शेजारच्या चर्चमध्ये सुताराच्या मुलासाठी प्रार्थना चालू होती. आरडाओरडा ऐकून सुतार स्वतः आणि बरोबरचे चार बाप, त्यांत बेकरीवाला आणि बसचा ड्रायव्हर, ओसरीवरून धावत आले. सुतार तीन रात्री झोपला नव्हता. त्याचे डोळे लाल आणि दाढी वाढलेली होती. काय झालं, त्याने विचारलं. नर्सताई काही बोलायच्या आत पहिल्या बाकावरच्या एका शहाण्याने सांगून टाकलं: भिंगरीला ताप आहे, एकशे दोन, तिचे पप्पा तिला औषध देऊन पाठवतात.

सुताराने रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या जागेकडे.

“तुझी पोरगी माझ्या पोराला खेटून बसायची,” तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता.

फळ्याची तिवई त्यानेच केलेली होती. तिचा पाय कुठून निखळतो हे त्याच्या हाताला माहीत होतं. पहिला फटका दादाच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दादा अंगापिंडाने बैलासारखा. त्याने सुताराला गळा धरून भिंतीशी रेटलं आणि क्रूसाखालचा तक्ता खाली आला. मग बाकीचे चौघे दादावर पडले. सगळे मिळून दारातून ओसरीवर गडगडले. बेकरीवाल्याने त्याचे केस धरून डोकं फरशीवर आपटलं, एकदा, दोनदा. ड्रायव्हर पोटात लाथा घालत होता आणि प्रत्येक लाथेबरोबर आपल्या मुलाचं नाव घेत होता. दादाच्या तोंडातून दात पडला. तो फरशीवरून गटारीपर्यंत घरंगळत गेला. सुतार लाकूड दोन्ही हातांनी वर उचलत होता आणि खाली आणत होता, ठरलेल्या लयीत, खिळा ठोकावा तसा.

नर्सताई दाराला धरून उभी राहिली. तिच्या जिभेवर एक वाक्य होतं. गोवर अंगात शिरल्यापासून ताप यायला दहाएक दिवस लागतात. सुताराचा मुलगा बारा दिवसांपूर्वी कोसळला. भिंगरीला ताप आता आला. म्हणजे भिंगरीने त्याला काही दिलं नव्हतं, त्याने भिंगरीला दिलं होतं, आणि त्याच्या आधीच्या चार सकाळींचे आकडे वहीत होते. एवढं बोललं की लाकूड हवेत थांबलं असतं. आणि दवाखान्यातलं ते पोर जगो की मरो, या माणसाला ते वाक्य मरेपर्यंत ऐकू येत राहिलं असतं.

तिने ते गिळलं. सुताराच्या उचललेल्या हाताला ती लोंबकळली. तो हात तसाच खाली आला आणि लाकडाचं टोक तिच्या कपाळावर बसलं. डाव्या डोळ्यात ऊन ऊन काहीतरी उतरलं. सुताराला ती तिथे आहे हेसुद्धा कळलं नव्हतं. तो पुन्हा हात उचलायला लागला.

शिपायाची पाचावर धारण बसली होती. त्याला करता येण्यासारखी एकच गोष्ट सुचली, ती त्याने केली. शाळेची घंटा बडवायला घेतली, न थांबता. घंटा झाली म्हणजे शाळा सुटली, एवढंच मुलांना माहीत. बत्तीस मुलं दप्तरांसकट ओसरीवर लोटली आणि पुढची चार-पाच त्या रक्तावरून घसरून त्या बापांच्या पायांशी पडली. ड्रायव्हरचा मुलगा बापाच्या बुटाकडे बघत राहिला. रक्तातले उपटलेले केस बुटाला चिकटले होते.

तेवढ्याने माणसं थांबली. सुताराच्या हातातलं लाकूड गळून पडलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. दादा कुशीवर पडून होता, तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. नर्सताईने त्याचं डोकं एका बाजूला वळवलं, तोंडात बोट घालून घसा मोकळा केला, मग नाडी पाहिली. एकशे चोवीस. शिपायाला तिने रुग्णवाहिका बोलवायला पाठवलं.

बेकरीवाला आपल्या मुलाचं मनगट धरून फाटकाकडे निघाला होता. आता एक मिनिटही या शाळेत ठेवायचं नाही, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता. नर्सताई उठली आणि फाटकाची कडी लावून त्याला पाठ टेकवून उभी राहिली. चेहऱ्याची अर्धी बाजू लाल, करंगळी भलत्याच दिशेला.

“ज्याने रोग आणला त्याला मारून झालं असेल, तर आता बाकीची तपासू द्या,” ती म्हणाली. “तुमची पोरं धडधाकट आहेत ना? मग एक एक मिनिट लागेल.”

नको असं म्हणणार कोण? आत्ताच एका माणसाला त्याच कारणासाठी फरशीवर पाडलेलं. बेकरीवाला म्हणाला की सकाळी तर मोजलं होतं. ती म्हणाली, हो, सकाळी.  ड्रायव्हर घड्याळ बघत होता. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मुलांना तिने पटाच्या क्रमाने ओसरीच्या कठड्यावर बसवलं. थर्मामीटर डाव्या हातात धरून प्रत्येकाच्या आधी आणि नंतर स्पिरिटने पुसला. आकडे बाई लिहीत गेल्या, फाटलेल्या पानाच्या पुढच्या पानावर. ९८.४. ९८.०. १००.८. ९८.६. शंभरावरचा प्रत्येक आकडा बाई पुन्हा विचारून लिहीत. रुग्णवाहिका आली, दादाला आणि भिंगरीला घेऊन गेली. तिने मोजणं थांबवलं नाही. ड्रायव्हरच्या मुलाला १०१.२. बेकरीवाल्याच्या मुलाला १०३.०. बापांनी एकमेकांकडे बघणं केव्हाच सोडलं होतं. सुतार भिंतीशी बसल्या जागेवरून प्रत्येक आकडा ओठ हलवून म्हणत होता.

बाराला पाच मिनिटं कमी असताना यादी पुरी झाली. बाईंनी खाली रेघ मारली.

तपासलेली मुलं बत्तीस. शंभरच्या वर ताप असलेली अकरा.