कोठीला दोन कुलपं

ताटातला भात निवून गेला, वरण घट्ट झालं, तरी धनेंद्र बिसेनचा हात ताटात जाईना.

"काऊन जेवून नाही राहिले जी?" योगेश्वरीनं विचारलं. "तब्येत बरी नाही का?"

"काही नाही वो. तू जेव."

वाचकहो, घरातला कर्ता पुरुष 'काही नाही' म्हणाला की काहीतरी नक्की असतं, हे आपल्या घराघरातल्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. योगेश्वरीनं आपलंही ताट बाजूला सारलं.

दवनीवाड्यात धनेंद्रची पाच एकर धानाची शेती होती आणि गोंदियाच्या एका कापड दुकानात नोकरी. शिवाय त्याच्याकडे एक मान होता. त्याच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बत्तीस घरांची मिळून बियाण्याची एक कोठी होती. कापणी झाली की प्रत्येक घरानं निवडक लुचई धान तिच्यात टाकायचं आणि मृगाच्या तोंडावर पेरणीसाठी न्यायचं. लुचई हे जुनं वाण, बाजारात शोधूनही मिळायचं नाही. कोठीची किल्ली आजोबांपासून बिसेनांच्या घरी होती आणि आजवर ती कुणी परत मागितली नव्हती.

२००७ ची दिवाळी झाली आणि गोंदियात ज्याच्या त्याच्या तोंडी शेअर बाजार आला. पानठेल्यावर निर्देशांक, सलूनमध्ये निर्देशांक! धनेंद्रनं भीतभीत स्वतःची थोडी शिल्लक लावली. महिनाभरात ती चांगलीच फुगली आणि गड्याची झोप उडाली. मार्गशीर्ष आला तसा त्याच्या डोक्यात हिशेब शिजू लागला. कोठीतलं धान मृगापर्यंत नुसतं पडून असतं. ते विकून पैसा कामाला लावला, तर मृगाआधी दुप्पट धान घेऊन कोठी भरता येईल. टोल्याचंही भलंच होईल की! चोरी कधी स्वतःला चोरी म्हणवून घेत नाही, ती नेहमी कुणाचं तरी भलं करायला निघालेली असते.

"कोठीत किडे झाले, धानाले औषध माराले नेऊन राहिलो," असं सांगून त्यानं अठ्ठावीस पोती गिरणीवर विकली आणि त्या पैशावर दलालाकडून उधारीनं चौपट शेअर घेतले. जानेवारीत निर्देशांक एकवीस हजारांवर गेला तेव्हा तो शीळ घालत घरी आला होता. मग तो सोमवार उजाडला आणि त्यामागून मंगळवार. दोन दिवसांत बाजार असा कोसळला की मंगळवारी सकाळी व्यवहारच थांबवावे लागले. शेअरच्या दुकानातल्या टीव्हीवर सगळे आकडे लाल. धनेंद्रनं घाबरून येईल त्या भावात सगळं विकलं आणि उधारी फेडून जे हाती आलं त्यात पाच पोती धानसुद्धा येणार नव्हतं. निवलेला भात त्याच रात्रीचा.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. कुडवा गावात यादोराव गुरुजींकडे गेला. त्यांनी त्याला शाळेत इतिहास शिकवला होता.

"गुरुजी, बाजार परत चढंन का?"

"चढंन ना. आजवर दरवेळी चढला, अन् दरवेळी पडला." गुरुजींनी चष्मा पुसला. "अठराशे पासष्टची गोष्ट आयक. अमेरिकेत लढाई चालू होती, म्हणून मुंबईच्या कापसाले सोन्याचा भाव. समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर लोक तुटून पडले. लढाई संपली अन् ते शेअर रद्दी झाले. मग एकोणतीस साली खुद्द अमेरिका पडली. तवा लोक म्हणत, आता मोटारी आल्या, रेडिओ आला, आता पडणं नाही. ब्याण्णवले आपल्या देशात तेच. दोन हजारात कॉम्प्युटरच्या नावानं तेच. कारण दरवेळी नवं रायते गा, माणूस जुनाच. तुहं कारण काय होतं?"

"वीज कंपन्यांचे शेअर, गुरुजी. सारे म्हणत, देशाले वीज लागंनच."

"हे घे! अन् आता माहं आयक. ब्याण्णवले माहा भविष्यनिधी बुडाला. तुह्या काकूले मी दोन वर्सं सांगतलो नाही. पैसा गेला त्यानं मी म्हातारा नाही झालो, लपवण्यानं झालो."

मग धनेंद्रच्या तोंडून कोठीची गोष्ट बाहेर पडली. गुरुजींनी एकच विचारलं.

"धनेंद्र, समज बाजार चढला असता, पैसे दुप्पट आले असते. लुचई कुठून आणलं असतंस?"

अरे देवा! इतके दिवस धनेंद्र बुडालेल्या पैशासाठी तळमळत होता. पण नफा झाला असता तरीही बियाणं गेलंच होतं! गिरणीत गेलेलं धान कुठल्याच भावात परत उगवत नाही!

तो तसाच गिरणीवर धावला. तिथल्या माणसानं हात झटकले. "वो तो कब का चावल बनके गया, भाऊ."

संध्याकाळी त्यानं टोल्याला कोठीपाशी बोलावलं. योगेश्वरीला त्यानं आधी घरात सगळं सांगितलं होतं. ती खूप रडली, पण येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. त्यानं कोठीचं झाकण काढलं आणि आतला रिकामा तळ सगळ्यांना दाखवला. कुणी शिवी दिली, शेजारच्या बकारामनं तर त्याची गचांडी धरली. धनेंद्रनं हात वर केला नाही.

तेवढ्यात म्हातारी रुख्माबाई पुढं आली. तिची जंगलाकडेला धानाची एकच बांधी, एवढासा बांधलेला तुकडा, होती.

"माह्या घरी खायाचं धान होळीपर्यंत पुरत नाही," ती म्हणाली. "बियाणं घरी ठेवलं तं पोरं खातात. म्हणून तुह्याजवळ ठेवलं होतं, बापू."

गचांडीपेक्षा हे वाक्य जड होतं. धनेंद्र लहान मुलासारखा रडू लागला.

रुख्माबाई मात्र वर बघत होती. समोरच्या दारावर धानाच्या लोंब्यांची झालर टांगलेली होती. कापणीनंतर पाखरांसाठी दरवर्षी प्रत्येक दारावर ती लागते. "हे लुचईच हाये ना?" तिनं विचारलं.

बत्तीस दारांवरच्या झालरी उतरल्या. पाखरांनी खाऊन उरलेलं धान सुपात आलं, ते जेमतेम दहा-बारा किलो भरलं. ते धनेंद्रच्या सर्वांत चांगल्या बांधीत पेरायचं ठरलं. त्या सालच्या पेरणीसाठी बाजारातलं दुसरं बियाणं त्यानं फटफटी विकून बत्तीस घरांना आणून दिलं. कोठीची किल्ली बकारामकडे गेली. धनेंद्र सायकलनं गोंदियाला जाऊ लागला.

जी कोठी एका दुपारी रिकामी झाली, तिला भरायला तीन हंगाम लागले. मधल्या साली पावसानंही दगा दिला. २०१० च्या दिवाळीला अठ्ठाविसावं पोतं आत पडलं आणि बकारामनं सगळ्यांसमोर किल्ली पुढं केली. "घे गा. तुह्याच घरची आहे."

नेमक्या त्याच दिवशी दुकानात बातमी आली होती, निर्देशांक पुन्हा एकवीस हजारांना टेकला! ती ऐकताना धनेंद्रचे हात शिवशिवले होते. खोटं कशाला बोला? क्षणभर तोच जुना हिशेब पुन्हा शिजला होता.

त्यानं बकारामची किल्ली घेतली, मग खिशातून एक नवं कुलूप काढलं, कोठीला लावलं आणि त्याची किल्ली रुख्माबाईच्या हातावर ठेवली.

"आता दोन कुलपं, आजी. दोघं असल्याबिगर उघडाचं नाही."

"काऊन गा? आता तं तू सुधरला."

"सुधरलो. पण भरोसा नाही," धनेंद्र म्हणाला.

म्हातारीनं किल्ली पदराला बांधली.

बंधुभगिनींनो, बाजार दीडशे वर्षं चढत-पडत आला आहे, पुढंही चढेल-पडेल. त्यात ज्याला उतरायचं त्यानं आपल्या कमाईनं, घरात सांगून उतरावं. पण दुसऱ्यानं विश्वासानं ठेवलेलं डावावर लावू नये. आणि आपलं असलं तरी बियाणं कधीच लावू नये!