पाकाची पारख

लोणावळ्यातल्या त्या चिक्कीवाल्यांच्या घरात गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून पारखायचा मान थोरल्या सुनेचा, अनिताचा. यंदा सासूबाई त्यासाठी धाकटीला, अनुष्काला हाक मारू लागल्या. अनुष्का प्रयोगशाळेत समुद्रातले एकपेशीय जीव अभ्यासायची.

"ते एक जंतू गिळतात, ताई. तो पचत नाही, आतच राहतो. पुढं त्याच्याशिवाय त्यांचं चालतच नाही."

"असले जंतू ओळखते मी," अनिता म्हणाली.

आज पाण्यातला थेंब मऊच होता, पाक अजून कच्चा होता. अनुष्का म्हणाली, "झाला पाक." अनिताने पाहिलं आणि ती मुद्दाम गप्प बसली.

चिक्की दातांना चिकटली. सासूबाई करवादल्या, "अनिता, कुठं होतीस? तुझ्यावाचून एक काम धड होत नाही."

अनुष्का हळूच म्हणाली, "म्हणजे आधीचा जंतू तुम्हीच, ताई."

अनिताने रागावल्यासारखं केलं आणि खुशीत नवा गूळ फोडायला घेतला.